समीकरणाला किती भोके?

क्ष² + य² = १ हे समीकरण फळ्यावर लिहिले की विद्यार्थी वर्तुळ काढतात. क्ष आणि य वास्तव संख्या असतील तर ते बरोबरच आहे. पण संमिश्र संख्याही चालतील असे म्हटले तर? एक संमिश्र संख्या म्हणजे दोन वास्तव संख्यांची जोडी, म्हणून वक्राची रेघ आता रेघ राहत नाही, तिचे पृष्ठ होते.

कोणते पृष्ठ? क्ष = (१ − ट²)/(१ + ट²), य = २ट/(१ + ट²) ही मांडणी शिक्षकांच्या परिचयाची आहे. ट = १/२ घेतले की ३/५ आणि ४/५ मिळतात, म्हणजे ३, ४, ५ हे पायथागोरसचे त्रिकूट. आता ट ला सर्व संमिश्र किमती देऊ आणि वक्राचे अनंतावरचे बिंदूही धरू. संमिश्र प्रतलाला अनंतावरचा एक बिंदू जोडला की ते चेंडूसारखे मिटते. आपले वर्तुळ म्हणजे एक गोल!

पुढचे उदाहरण य² = क्ष³ − क्ष. इथे क्षच्या प्रत्येक किमतीला यच्या दोन किमती येतात. अपवाद −१, ०, १ आणि अनंत. म्हणून दोन गोल घ्यावे, दोन्हींवर −१ ते ० आणि १ ते अनंत अशा चिरा पाडाव्या आणि एकाच्या चिरेचे काठ दुसऱ्याच्या चिरेला जोडावे. दोन गोलांमध्ये दोन नळ्या तयार होतात. हा आकार मेदूवड्याचा. कागद आणि कात्री घेऊन हे वर्गात करून पाहावे असे आम्ही सुचवू. शब्दांपेक्षा हात लवकर समजावतात.

हा विचार जर्मन गणिती बर्नहार्ट रीमान (१८२६–१८६६) यांचा. भोकांची संख्या पृष्ठ रबरासारखे ताणले तरी बदलत नाही. ती संस्थितिशास्त्राची, म्हणजे टोपॉलॉजीची बाब. रीमान यांनी १८५७ मध्ये दाखवले की वक्रावर कुठेही अनंत न होणारी स्वतंत्र संकलने नेमकी तेवढीच असतात, जितकी भोके. आकार मोजला आणि बीजगणित कळले. प्रतलातल्या घ घाताच्या, टोक किंवा छेद नसलेल्या वक्राला (घ−१)(घ−२)/२ भोके असतात: ०, ०, १, ३, ६... दोन भोकांचा असा वक्र प्रतलात मिळतच नाही. आणि १९८३ मध्ये गेर्ड फाल्टिंग्ज यांनी सिद्ध केले की परिमेय सहगुणकांच्या वक्राला दोन किंवा अधिक भोके असतील, तर त्यावर परिमेय बिंदू मोजकेच असतात. त्रिकुटांचा अखंड साठा वर्तुळाला लाभतो, कारण त्याला भोकच नाही.

चले वाढली की चित्र काढता येत नाही. दोन संमिश्र मितींचे पृष्ठ वास्तवात चार मितींचे. तिथे वाट काढली सॉलोमन लेफ्शेट्झ यांनी. मॉस्कोत जन्म (१८८४), पॅरिसमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण, मग अमेरिकेत नोकरी. १९०७ मध्ये पिट्सबर्गला ट्रान्सफॉर्मरच्या स्फोटात त्यांचे दोन्ही हात गेले. अभियंत्याचा पेशा सुटला. त्यांनी १९११ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली आणि नेब्रास्का व कान्सास इथे, गणिताच्या केंद्रांपासून दूर, तेरा वर्षे शिकवले. त्यांचे उत्तम काम तिथलेच.

त्यांची युक्ती अशी: चार मितींच्या वस्तूचे एकामागून एक काप घ्यायचे. प्रत्येक काप एक वक्र, म्हणजे रीमान यांचे पृष्ठ. मोजक्याच ठिकाणी कापावरचे एखादे वलय आक्रसत बिंदू होते. अशी वलये कुठे आक्रसतात हे नोंदवले की सगळ्या वस्तूचा आकार हाती येतो. १९२४ च्या ग्रंथात हे सारे आले. सिद्धतांत फटी होत्या. त्यांच्या सर्वांत खोल प्रमेयाची पक्की सिद्धता नंतर ब्रिटनच्या विल्यम हॉज यांच्या पद्धतीने मिळाली. गंमत म्हणजे हॉज यांचा १९३० चा लेख लेफ्शेट्झ यांना आधी चूक वाटला आणि तो मागे घ्या असे त्यांनी कळवले. पटल्यावर मात्र त्यांनी ते जाहीरपणे मान्य केले.

एक प्रश्न उरला. वस्तूतला कोणता बंद भाग समीकरणांनी लिहिता येतो? चार वास्तव मितींच्या पृष्ठासाठी लेफ्शेट्झ यांनी उत्तर दिले: ज्या द्विमितीय चक्रावर कुठेही अनंत न होणाऱ्या सर्व दुहेरी संकलनांची किंमत शून्य येते, ते वक्रांपासून बनते. अधिक मितींसाठी हॉज यांनी १९५० मध्ये तसाच अंदाज मांडला. २००० मध्ये क्ले संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावले. ते अद्याप कोणी मिळवलेले नाही.