भाकरीचें ताट आणि वजनाचा कांटा

अंगावरचें मेद उतरवावयाचें आणि तेंही वाण्याचें बिल वाढूं न देतां, हा प्रश्न अलीकडे हिंगोली जिल्ह्यांतील घरांतून विचारला जाऊं लागला आहे. सत्तर वर्षांपूर्वीं वसमत, कळमनुरी, सेनगांव अथवा औंढा नागनाथ या भागांतील एखाद्या कुणब्यास हा प्रश्न कोणी घातला असता, तर त्यास त्याचा अर्थच लागला नसता. त्या काळीं वजन उतरणें ही दुखण्याची किंवा दुष्काळाची खूण होती, आणि खिशांत पैसा नसला म्हणजे माणूस आपोआपच बारीक राही. गरिबी आणि लठ्ठपणा एकाच छपराखालीं नांदूं शकतात, ही गोष्ट या मुलखास नवी आहे. ती कशी घडली हें समजून घ्यावयाचें तर ताटांतील धान्य कोठून आलें हें आधीं पाहिलें पाहिजे.

हिंगोली हा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, १९५६ मध्यें तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. राज्यें अशीं बदलत गेलीं तरी बराच काळ ताट बदललें नाहीं. पावसाळी ज्वारी आणि तिच्यामागून काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी, हाच संसाराचा कणा होता. ज्वारी एकटी मात्र कधींच पेरली जात नसे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतून गेली आहे. खरिपांत तिच्या ओळींमध्यें तूर, मूग, उडीद आणि अंबाडी असत. रब्बींत करडई असे, आणि तिच्या कांटेरी पट्ट्यानें गुरांपासून पिकाचें रक्षणही होई. म्हणजे एका शेतांतून धान्य, डाळ, तेल, पालेभाजी, बैलांना कडबा आणि अंबाडीच्या वाखाची दोरी इतक्या वस्तू घरीं येत. बाजारांतून आणावयाचें तें मीठ, गूळ आणि पुढें पुढें चहाची पुडी.

या शेताचेंच प्रतिबिंब ताटांत पडे. भाकरी, घट्ट वरण किंवा येसराची आमटी, कोवळ्या करडईची अथवा अंबाडीची भाजी, ठेचा, आणि दुभतें असेल तर ताक. उन्हाळ्यांत हिरवें कांहीं मिळेनासें झालें म्हणजे हिंवाळ्यांत वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला शिजे, आणि पाऊस पडतांच बांधावरचा तांदुळजा, पाथरी आणि घोळ फुकट मिळे. भाकरीस तेल लागत नाहीं आणि ती कोरडी खाववत नाहीं. तिच्याबरोबर कांहींतरी पातळ किंवा हिरवें लागतेंच. ती सावकाश चावावी लागते, आणि दोन भाकऱ्यांनंतर तिसरीकडे हात सहसा जात नाहीं.

येथें एक जुनी नोंद सांगण्यासारखी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्थूल माणसाच्या उपचाराचा विचार आला आहे. त्याचें तत्त्व असें कीं, स्थूलास द्यावयाचें अन्न पचावयास जड पण पुष्टि न वाढविणारें असावें, म्हणजे भूक भागावी आणि अंग भरूं नये. त्यासाठीं सांगितलेल्या धान्यांत जव, कोद्रव, श्यामाक यांच्या जोडीला जूर्णाह्व हें नांव येतें, आणि तें ज्वारीचें असें सामान्यतः मानतात. पुढें मूग, कुळीथ, तूर, पडवळ आणि आवळा आहेत. श्रीमंत स्थूलासाठीं लिहिलेलें हें पथ्य मराठवाड्यांतील गरिबाचें रोजचें जेवण होतें. त्याला पथ्य म्हणून तें कोणी सांगितलें नव्हतें. त्याच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें.

म्हणून त्या ताटाची आरती ओवाळण्याचें कारण नाहीं. तें चांगलें होतें, पण तें रोज भरत नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत संस्थानांत लेव्हीचें धान्य घालावें लागे आणि पिकविणाऱ्याच्याच कणगींत खडखडाट होई. १९७२ चा दुष्काळ तर अनेक घरांतून अद्याप बोलला जातो. खडी फोडण्याच्या कामावर हजारों हात राबले आणि मुलांना सुकडी वाटण्यांत आली. रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनीं डोळे मिटून खाल्ली. अमेरिकेंत तें धान्य मुख्यतः जनावरांपुढें टाकतात, ही माहिती त्यांना पुढें मिळाली. त्याच सुमारास, १९७१ मध्यें, पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं देशांतील दारिद्र्य मोजलें, तेव्हां मोजण्याचें माप रोजचे २२५० उष्मांक हें होतें. प्रश्न इतकाच होता कीं, माणसाच्या पोटांत तेवढें तरी जातें कीं नाहीं. अन्नशास्त्राचे थोर अभ्यासक पां. वा. सुखात्मे यांनीं तर असें मांडलें कीं, गरिबांना प्रथिनांचें निराळें दुर्भिक्ष नाहीं, एकंदर अन्नाचेंच आहे. नेहमींचें धान्य व डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनेंही बहुधा पुरतात. आज पत्र्याच्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या महाग प्रथिनांच्या भुकट्या पाहिल्या म्हणजे सुखात्म्यांचें म्हणणें पुन्हा वाचावेंसें वाटतें.

पोटें भरण्यासाठीं जे उपाय झाले, त्यांतूनच ताट फिरूं लागलें. १९५६ पासून अमेरिकेचा गहूं पी. एल. ४८० या कायद्याखालीं देशांत येऊं लागला आणि १९६६ मध्यें परदेशांतून आलेलें धान्य सुमारें एक कोट टनांवर गेलें. १९६५ मध्यें अन्न महामंडळ स्थापन झालें. मग पंजाबच्या गव्हाची खरेदी वाढत गेली आणि रेशनच्या दुकानांतून गहूं व तांदूळ गांवोगांव पोंचले. सणासुदीला पुरणपोळीपुरता दिसणारा गहूं रोजच्या परातींत आला. पोळी मऊ, पांढरी आणि मानाची. भाकरी खाणारा तो मागासलेला अशी समजूत ज्या वेगानें पसरली, तिच्यापुढें वैद्यांचा सल्ला टिकणें कठीणच होतें. ज्वारीकरितांही प्रयत्न झाले. १९६४ मध्यें सी. एस. एच. १ हा पहिला संकरित वाण आला आणि उतारा वाढला. परंतु पावसाळी संकरित ज्वारी ऐन काढणीला पाऊस आला कीं काळी पडते. काळ्या ज्वारीला बाजारांत भाव नसतो आणि तिच्या भाकरीला चव नसते. परभणीच्या कृषि विद्यापीठानें, जें १९७२ मध्येंच स्थापन झालें, पुढें ‘परभणी मोती’सारखे चांगले रब्बी वाण काढले. तोंवर शेतकऱ्याचें मन दुसरीकडे गेलें होतें.

तें गेलें सोयाबीनकडे. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णा नदीवरील धरणांनीं वसमतच्या बाजूस ऊंस, केळी आणि हळद आधींच आणली होती. कोरडवाहू भागांत १९९० नंतर सोयाबीन पसरलें. शंभर दिवसांत हातांत रोख पैसा देणारें पीक कोणता कर्जदार शेतकरी नाकारील? बैल कमी झाले, तसें कडब्याचेंही अगत्य उरलें नाहीं. ज्वारी गेली तेव्हां तिच्याबरोबर अंबाडी, करडई आणि बांधावरचा पालाही गेला, आणि ज्या वस्तु शेतांतून येत त्या सर्व किराणा दुकानांतून येऊं लागल्या. घाण्यावरचें करडईचें तेल जपून वापरलें जाई. १९९४ मध्यें परदेशी पामतेलाची आयात खुली झाली आणि कढईंत तेल सढळ पडूं लागलें. गंमत अशी कीं, शंभर ग्रॅम सोयाबीनमध्यें सुमारें ४३ ग्रॅम प्रथिनें आहेत. एवढ्या मोलाचें धान्य ज्याच्या शेतांत पिकतें, त्याच्या ताटांत तें क्वचितच दिसतें. तें पोत्यांतून मोंढ्यावर जातें आणि तेलाच्या रूपानें परत येतें.

कष्टही उतरले. घरोघरचें जातें थांबून गिरणी आली तेव्हां बायकांच्या पाठीवरचा मोठा भार हलका झाला, आणि तें योग्यच झालें. परंतु श्रम कमी झाल्यावर अन्नही त्या मानानें कमी व्हावयास हवें होतें, तें झालें नाहीं.

याचा परिणाम सरकारी पाहणींत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील शंभर स्त्रियांमागें सुमारें २३ जणी प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या आणि सुमारें २१ जणी प्रमाणाहून कृश होत्या. दोन्ही दुःखें एकाच राज्यांत, कित्येकदां एकाच गल्लींत.

आतां गृहिणीच्या हिशेबाकडे वळूं या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिना ५ किलो धान्य ठरवून दिलें. तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते, आणि १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य मोफत झालें. कायद्यांत भरड धान्य सर्वांत स्वस्त होतें, दुकानांत मात्र मुख्यतः गहूं आणि तांदूळच आले. ५ किलोचे रोजचे १६६ ग्रॅम होतात आणि त्यांतून ५७० च्या आसपास उष्मांक मिळतात, म्हणजे दांडेकर-रथांच्या मापाचा चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से विकत घ्यावयाचे. ओढग्रस्तीच्या घरांत ते ज्या वस्तूंतून सहज भरून निघतात त्या म्हणजे तेल, साखर आणि पांच-दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे. डाळ आणि भाजी महाग म्हणून मागें राहतात. लठ्ठपणा गरिबाच्या घरांत शिरला तो या वाटेनें.

मग ज्वारी परत आणली म्हणजे वजन उतरेल काय? येथें थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें ३४९ उष्मांक आहेत, गव्हाच्या पिठांत ३४१ आणि तांदुळांत ३४५. कांट्यावर तिन्ही सारखींच. ज्वारीचा गुण तिच्या कोंड्यांत, सावकाश पचण्यांत आणि तिच्याबरोबर येणाऱ्या वरण-भाजींत आहे. वजनाचा खरा निकाल दुसरीकडेच लागतो. एक किलो मेद म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांक. रोज २५० उष्मांक कमी झाले तर महिन्याला जवळजवळ एक किलो वजन उतरूं शकतें, जरी पुढें हा वेग मंदावतो. हे २५० कोठून काढावयाचे? दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकांत दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, साखर धरली तर १६० उष्मांक झाले. माणशीं १० ग्रॅम तेल कमी केलें तर आणखी ९०. बेरीज बरोबर २५०. आणि महिन्याच्या शेवटीं एका माणसामागें १ किलो २०० ग्रॅम साखर आणि ३०० ग्रॅम तेल वांचलेलें असतें. मेद उतरविण्याचा हा उपाय वाण्याच्या बिलांतून पैसे काढून देतो. त्याच पैशांत मूग किंवा तूर आणावी, रेशनच्याच पिठाची पोळी तेलाशिवाय भाजावी, भात मोजून वाढावा आणि ताटाचा अर्धा भाग पालेभाजी व वरणास द्यावा. ज्वारी परवडत नसली तरी ज्वारीच्या ताटाची रीत परवडते.

खर्चाशिवाय वजन उतरविण्याची एक चळवळ या मराठवाड्यांतूनच उठली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. नागपूरकडील बहुपदवीधर डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या व्याख्यानांतील विचार घेऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनदांच जेवण्याचा प्रचार केला. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत संपवावें, आणि मधल्या वेळांत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा याखेरीज कांहीं घेऊं नये. दर दोन तासांनीं थोडें थोडें खाण्यास सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांशीं त्यांचा वाद झाला, तरी २०१८ मध्यें राज्य सरकारनें लठ्ठपणाविरुद्धच्या आपल्या मोहिमेसाठीं त्यांचीच निवड केली. लहान मुलें, गरोदर स्त्रिया आणि इन्सुलिन घेणारे रोगी यांनीं मात्र असले प्रयोग डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नयेत. जुन्या माणसांस या मोहिमेचें नवल वाटलें नाहीं. न्याहारी शेतावर आणि जेवण दिवेलागणीला, हाच त्यांचा शिरस्ता होता.

ज्वारीला प्रतिष्ठा परत मिळाली ती २०२३ मध्यें. तें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांतून ज्वारीचीं बिस्किटें विकलीं गेलीं, ज्यांत साखर आणि तूप ज्वारीच्या मानानें थोडें नव्हतें. त्या हंगामांत संकरित ज्वारीचा सरकारी हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, आणि त्यानंतरच्या रब्बींतील गव्हाचा २,२७५. गरिबाची भाकरी पोळीहून महाग झाली.

त्याच वर्षीं आणखी एक गोष्ट घडली. हिंगोलीसह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचें धान्य मिळत होतें. २०२३ मध्यें त्याऐवजीं माणशीं महिना १५० रुपये रोख देण्याचें ठरलें. दुकानांतलें धान्य म्हणजे जें येईल तें. रोख रकमेनें निवड प्रथमच घरधनिणीच्या हातीं आली. हमीभावानें हिशेब केला तर १५० रुपयांत सुमारें पावणेपांच किलो ज्वारी येते, म्हणजे एका माणसास रोज दोन भाकऱ्या. बाजारांत पन्नास रुपये किलोनें घ्यावी लागली तर तीन किलोच येते, आणि रोजची दुसरी भाकरी अर्ध्याहूनही कमी भरते. वरणाची तजवीज त्यानंतरची.