दारूबंदीच्या सालात वसलेले नगर

उल्हासनगरच्या इतिहासातील एक योगायोग सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांच्या जागी, फाळणीमुळे निराधार झालेल्या नव्वद हजारांहून अधिक सिंधी बांधवांनी आसरा घेतला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली. त्याच वर्षी १६ जूनपासून मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा अंमलात आला होता. कॅम्प १ ते ५ अशी ही वसाहत आणि दारूबंदी ही एका सालातील भावंडेच होत.

योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. हेच राजाजी मद्रास प्रांताचे मुख्य प्रधान असताना त्यांनी १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली होती. त्यामुळे बुडालेले अबकारी उत्पन्न भरून काढण्यासाठी १९३९ साली त्यांनी देशातील पहिला सर्वसाधारण विक्रीकर बसविला. व्यापारी वर्गाच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदला गेलेला हा कर मूळचा दारूबंदीच्या जमाखर्चातून जन्मास आला, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

या बंदीमागे मोठी पार्श्वभूमी होती. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मोहाच्या फुलांची दारू व ताडी स्वतःपुरती तयार करीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा सारा व्यवहार सरकार व मक्तेदार यांच्या हाती गेला आणि दारू हे महसुलाचे साधन बनले. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेकडे त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढे गांधीजींच्या चळवळीत स्त्रियांनी दारूच्या दुकानांवर निरोधने केली. दारू सोडणे हा अशा रीतीने स्वराज्याचाच एक भाग झाला आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात त्यास स्थान मिळाले.

तथापि, कायद्याने दुकान बंद झाले, तहान बंद झाली नाही. काळा गूळ व नवसागर यांपासून गाळलेली हातभट्टीची दारू उल्हास नदीच्या व खाडीच्या काठी वाढली आणि कष्टाने पुन्हा उभ्या राहिलेल्या या नगराच्या नावास त्याचा डाग लागला. घरदार गमावून आलेल्या बहुसंख्य कुटुंबांनी पापड, कापड आणि लहानसहान उद्योगांवर संसार सावरला. पण बदनामी मात्र सर्वांच्या वाट्यास आली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून शासनाने परवाने सैल केले आणि १९७३ साली देशी दारूचे नियम आले. कायद्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे, पिण्यास परवानाही लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्याच काळाची खूण होय.

बंदीने जे साधले नाही, ते काही अंशी घरच्या पेल्याने साधले. पाहुण्यास रिकाम्या हाती परत पाठवू नये, ही आपली रीत. सिंधी घरांतून बदाम, खसखस, बडीशेप व काळी मिरी वाटून केलेली थादल पुढे येते. कोकणी घरांतून कोकम सरबत आणि सोलकढी. दारूबंदीच्या काळात नीरेच्या विक्रीसही प्रोत्साहन मिळाले. नीरेचा धडा तर मोठा बोलका आहे. आत चुना लावलेल्या मडक्यात जमवून ती सकाळीच प्यायली तर गोड पेय. तीच तशीच राहून आंबली की ताडी. झाड तेच, रस तोच. अंतर केवळ काही तासांचे व सावधपणाचे.

आता नवे पेय आले आहे. २०१८ च्या सुमारास ‘किंगफिशर रॅडलर’ व पाठोपाठ ‘बडवायझर ०.०’ ही मद्यरहित म्हणविली जाणारी पेये आपल्या बाजारात आली. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यांश असेल तरच पेय मद्य ठरते. म्हणजे ‘मद्यरहित’ या शब्दातही अल्प अंशास वाव आहे. डब्यावरील बारीक अक्षरे वाचूनच खरेदी करावी. जैन आचारात मद्य हे सप्त व्यसनांपैकी एक असून आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मद्यत्यागास मूलगुणांत स्थान आहे. तेथे टक्केवारीचा हिशेब नाही.

तरीही या पेयांकडे केवळ तिरस्काराने पाहणे योग्य होणार नाही. मित्रमंडळीत ‘मी घेत नाही’ म्हणणाऱ्या तरुणास पूर्वी टोमणे ऐकावे लागत. आज त्याच्याही हाती काही देण्याची यजमानास गरज वाटते, हा बदल स्वागतार्ह आहे. धोका इतकाच की, चव व नाव दारूचेच राहिले तर सवय दारूकडे वळण्याचा मार्ग मोकळा राहतो.

राजाजींच्या हस्ते कोनशिला बसली, त्याच सालात कायदा आला. नगर टिकले, बंदी विरघळली. यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. निर्व्यसनी समाज पोलिसांच्या धाडीने घडत नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांच्या आचरणाने आणि लग्नसमारंभात पुढे येणाऱ्या पेल्याने घडतो. तो पेला काय असावा, हे ठरविणे प्रत्येक घराच्या हाती आहे.