आदिवासी स्वशासन अभ्यास

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा, तिचे अधिकार व नेतृत्व यांचे पदव्युत्तर अध्ययन. घटनेची पाचवी अनुसूची व १९९६ चा पेसा कायदा (पहा : पंचायत राज) हा त्याचा पाया, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने (मुंबई) समाजकार्यात ‘दलित व आदिवासी अभ्यास आणि कृती’ ही एम.ए.ची शाखा काढली.

क्षेत्रकार्य हा अभ्यासाचा गाभा : पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा, तिचे ठराव, सामूहिक वनहक्काचे दावे (पहा : वनहक्क कायदा), ५ टक्के अबंध निधीचा हिशेब.

पालघर जिल्ह्यात वसई तालुका अंशतः अनुसूचित आहे. याच तालुक्यातील नालासोपारा २००९ पासून महापालिका हद्दीत असल्याने तेथे ग्रामसभा नाही. पेसा ग्रामीण भागापुरताच आहे. शहरी आदिवासींच्या स्वशासनाचा प्रश्न त्यामुळे कायद्यात अनुत्तरित असून अभ्यासाच्या दृष्टीने तो कळीचा ठरतो (पहा : वारली).