नौकात्याग

आमच्या खानदेशास समुद्र नाहीं. येथून वाहणारी तापी सुरतेपलीकडे सागरास मिळते, एवढाच काय तो संबंध. म्हणूनच कीं काय, नौका सोडणें म्हणजे हार पत्करणें, असें आम्हांस सहज वाटतें. अभिलाष टोमी यांचा वृत्तांत हा ग्रह दूर करील.

गोव्यांत रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली 'थुरिया' घेऊन ते १ जुलै २०१८ रोजीं फ्रान्सहून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. २१ सप्टेंबरास दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें नौका उलथली, डोलकाठी मोडली, आणि पाठीस जबर दुखापत होऊन ते अंथरुणास खिळले. वाहतें पाणी पात्यावर आदळेल तरच सुकाणू नौका वळवितें; शिडें गेलीं, गति गेली, कीं तें असून नसल्यासारखें. २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस उचललें. 'थुरिया' मागें राहिली.

२०२२ मध्यें ते त्याच शर्यतींत पुन्हां उतरले. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचें पातें मोडलें, तेव्हां शौचकूपाच्या दाराचें पातें करून त्यांनीं काम भागविलें, आणि २९ एप्रिल २०२३ रोजीं दुसरे आले. नौका केव्हां सोडावी, हें जाणणें हाहि नौकानयनाचाच भाग होय, असें आम्ही समजतों.