विलायतेतले पेन्शन, हिंदुस्थानचे पेन्शन

चार्ल्स लॅम्बचा 'द सुपरॅन्युएटेड मॅन' हा १८२५चा निबंध वर्गात शिकवताना आपण बहुधा त्यातल्या मोकळ्या झालेल्या कारकुनाच्या मनःस्थितीवर बोलतो. छत्तीस वर्षे कचेरीत घासलेल्या माणसाला अकस्मात मिळालेल्या रिकाम्या दिवसांचे ओझे कसे होते, हा तिथला विषय असतो. त्या रिकाम्या दिवसांचा खर्च कोण चालवत होते, हा प्रश्न आम्ही तरी विद्यार्थी असताना कोणी विचारलेला आठवत नाही. लॅम्ब ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीतला हिशेबनीस. त्याला सालिना सुमारे ४५० पौंड निवृत्तिवेतन मिळाले. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही.

त्याच इमारतीतला दुसरा लेखक जॉन स्टुअर्ट मिल. कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला त्या १८५८ साली तो सालिना १५०० पौंडांच्या पेन्शनीवर निवृत्त झाला. कंपनीची सारी देणी त्या वर्षीच्या कायद्याने हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आली. त्याच वर्षी त्याची पत्नी फ्रान्समध्ये आव्हिन्यों येथे वारली. मिलने तिच्या थडग्याजवळ घर घेतले, पुढची वर्षे बरीचशी तिथेच काढली आणि १८७३ साली तिथेच देह ठेवला. म्हणजे उदारमतवादाच्या या आचार्याचे अन्न शेतसाऱ्याच्या रूपाने इकडून निघे, लंडनात त्याचे पौंड होत आणि ते फ्रान्समधल्या एका गावी खर्च होत. आम्ही हे मिलला खाली ओढण्यासाठी लिहीत नाही. पेन्शन ही समुद्र ओलांडणारी वस्तू आहे, आणि ती ओलांडताना वाटेतला खर्च कोणीतरी सोसत असतो, एवढेच त्यातून दिसते.

ज्यांच्यामागे सरकारी करार नव्हता त्यांची गत वेगळी होती. इकडे मिळवलेला पैसा कलकत्त्याच्या एजन्सी-हाउसमध्ये ठेवायचा आणि व्याज लंडनात मागवायचे, अशी रीत होती. १८३०च्या सुमारास ही घरे एकामागून एक कोसळली आणि त्यांत थॅकरेच्या वडिलार्जित संपत्तीचा मोठा भाग बुडाला. 'द न्यूकम्स' (१८५३-५५) या कादंबरीतला कर्नल न्यूकम बुंदेलखंड बँकेच्या बुडण्याने भिकेस लागतो, त्यामागे लेखकाने स्वतः सोसलेले हे नुकसान आहे. त्या कादंबरीकडे परदेशी वळवलेल्या पुंजीची कहाणी म्हणून क्वचितच पाहिले जाते. आमच्या मते तेच तिचे खरे कथानक आहे.

आता याच चित्राची दुसरी बाजू. जून १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली तेव्हा त्याला सालिना आठ लाख रुपयांची नेमणूक ठरली. अट अशी की दक्षिण सोडावी आणि उत्तरेत जाऊन राहावे. तो ब्रह्मावर्तास गेला आणि तेहतीस वर्षे ती नेमणूक खात बसला. इथे देशांतर केल्यावर पेन्शन मागवण्याचा प्रश्नच नव्हता. देशांतर हीच पेन्शनीची किंमत होती. जानेवारी १८५१मध्ये तो वारला आणि नेमणूक बंद झाली. दत्तकपुत्र नानासाहेबाने अर्ज केले, वकील म्हणून अझीमुल्लाखानाला लंडनला धाडले, पण उपयोग झाला नाही. जेत्याचे पेन्शन सात समुद्र ओलांडून त्याच्या दारी पोचे. जिताचे पेन्शन मात्र ब्रह्मावर्तातल्या त्याच वाड्यात बापाकडून मुलाकडे गेले नाही.

मुलकी सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन दीर्घकाळ सालिना १००० पौंड होते. अट पंचवीस वर्षे सेवेची, त्यांतली एकवीस प्रत्यक्ष हिंदुस्थानात. त्यापोटी त्याच्या पगारातून चार टक्के कापले जात. ही रक्कम पौंडांत ठरलेली होती, हे महत्त्वाचे. कारण तिजोरी भरायची ती रुपयांत. १८७०च्या आगेमागे रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता, म्हणजे एका पेन्शनीला दहा हजार रुपये लागत. पुढे चांदी उतरत गेली. १८९२ साली रुपया सुमारे एक शिलिंग तीन पेन्सवर आला आणि त्याच पेन्शनीला सोळा हजार लागू लागले. लंडनातल्या म्हाताऱ्याच्या हाती एक पैही जास्त पडली नाही. वाढलेले सहा हजार हुंडणावळीने खाल्ले, आणि ते रयतेने भरले.

जून १८९३मध्ये सरकारने लोकांची चांदी टांकसाळीत पाडून देणे बंद केले आणि रुपया सावरण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्याच वर्षी नोकरीत असलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांना हुंडणावळीची भरपाई मंजूर झाली. घरी पैसे पाठवताना त्यांचा तोटा होतो म्हणून पगाराच्या अर्ध्या भागावर, ठरावीक मर्यादेपर्यंत, रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स असा दर धरून फरक देण्यात येऊ लागला. परदेशी पैसे पाठवणाऱ्याचा तोटा सरकारने भरून द्यावा, आणि तोही ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांच्याच खिशातून, असे उदाहरण आम्हांला दुसरे सुचत नाही.

मराठी मुलखात हे दुखणे फार आधी बोलून दाखवले गेले होते. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ साली मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत संपत्तीच्या या ओघावर बोट ठेवले होते. दादाभाईंनी १८६७पासून तो मांडला, आकड्यांत बसवला. त्यांच्या मांडणीतला एक भाग आम्हांला आकड्यांहून मोलाचा वाटतो. निवृत्त अधिकारी पैशाबरोबर पंचवीस वर्षांचा अनुभवही घेऊन जातो, असे ते म्हणत. देशाला वडीलधारी, कारभाराची जाण असलेली माणसे उरतच नाहीत, आणि हा तोटा कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. त्यांच्या तयारीमागे न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी होते. आणि हा सारा युक्तिवाद बंगालच्या घराघरांत नेला तो सखाराम गणेश देउस्कर या मराठी माणसाने, 'देशेर कथा' (१९०४) या बंगाली पुस्तकातून. सरकारने ते १९१० साली जप्त केले.

स्वातंत्र्यानंतर ही पेन्शने कोणी द्यायची? महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे आणि सेवांचे एक अब्ज पौंडांहून अधिक येणे लंडनात साठले होते. जुलै १९४८च्या करारात भारताने त्यांतले सुमारे १६.८ कोटी पौंड वळते करून ब्रिटिश सरकारकडून वर्षासने विकत घेतली. दरवर्षी उतरत जाणारी रक्कम ब्रिटनने भारताला द्यायची आणि तीतून तिकडची पेन्शने भागवायची. पुढे १९५५ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून ही जबाबदारी आपल्याकडे घेण्याची सोय केली. परदेशी पेन्शनवर्गाचा इतका मोठा व्यवहार दुसरा क्वचितच झाला असेल. हजारो म्हाताऱ्यांना एक अर्जही करावा लागला नाही. त्यांच्या वतीने दोन सरकारे टेबलाशी बसली होती.

त्यानंतर ओघ उलटा झाला. तिकडच्या रुग्णालयांत, गिरण्यांत, कचेऱ्यांत आयुष्य काढलेली आपली माणसे म्हातारपणी परत येऊ लागली. त्यांच्यासाठी मात्र कोणी टेबलाशी बसले नाही. ब्रिटनचे सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण ज्या आकड्यावर ते इथे सुरू होते त्याच आकड्यावर गोठते. अमेरिकेत राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळते, भारतात, दक्षिण आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला नाही. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या एका बाईंनी हा भेद युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला. २०१०च्या मार्चमध्ये त्या हरल्या.

खासगी पेन्शनीचे तसे नाही, ती हलवता येते. ६ एप्रिल २००६पासून ब्रिटनमध्ये 'क्यूरॉप्स' नावाची व्यवस्था आली. परदेशातील जी योजना त्यांच्या अटींत बसेल तीत आपली साठलेली पुंजी वळती करता येऊ लागली. मग दार हळूहळू अरुंद होत गेले. एप्रिल २०१५मध्ये, आजारपण वगळता पंचावन्न वर्षांआधी पैसा देता कामा नये, अशी अट आली आणि ऑस्ट्रेलियातल्या शेकडो योजना यादीबाहेर गेल्या. मार्च २०१७पासून अशा हस्तांतरावर पंचवीस टक्के आकार बसला. माणूस आणि योजना एकाच देशात असतील तर तो माफ होतो. युरोपातल्या योजनांना मिळणारी वेगळी सवलत ऑक्टोबर २०२४मध्ये गेली.

पुंजी हलवावी की नाही, याचे उत्तर आजही हुंडणावळीतच दडलेले आहे. रुपया वर्षानुवर्षे उतरत आल्यामुळे लंडनात ठेवलेली पेन्शन पुण्यात फुगत जाते. ती रुपयांत आणली की हा फायदा संपतो आणि महागाई मात्र इथली सोसावी लागते. उलट न आणावी तर वारसांना परक्या कायद्याशी झगडावे लागण्याची भीती. १८९२ साली हा धोका संबंध देशावर वाटून टाकलेला होता, आता तो एकेका म्हाताऱ्याच्या वाट्याला येतो. आणि त्याने पुंजी भारतातल्या योजनेत आणली तरी पुढची पाच करवर्षे त्यावर नजर असते. तेवढ्यात पत्नी गेली आणि तो अमेरिकेतल्या मुलीकडे कायमचा राहायला गेला, तर माफ झालेला तो चौथा हिस्सा त्याला भरावा लागतो.