जकात, गिरणी आणि साचेखाते

व्यापारी करारांनी ‘देशाचे कल्याण’ होते असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. या देशात आपण कुठे बसतो, हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

१९३० साली हिंदुस्थान सरकारने परदेशी सुती कापडावर जकात बसविली : ब्रिटिश मालाला १५ टक्के, इतरांना २०. १९३२ च्या ऑटावा परिषदेत साम्राज्यांतर्गत सवलतींचे तत्त्व इतर अनेक मालांना लागू झाले. जून १९३३ पर्यंत जपानी कापडावरील जकात ७५ टक्के झाली. ब्रिटिश कापड २५ वरच राहिले. त्याच ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदी यांनी लँकेशायरशी करार करून या भेदाला मान्यता दिली. परकीय सरकार आणि स्वदेशी भांडवल यांचे जमले ते असे!

स्वस्त माल अडवून भागीदाराचा महाग माल घ्यायचा, याला जेकब व्हायनर यांनी १९५० साली ‘व्यापाराचे वळण’ म्हटले. येथे वळविले गेले ते गरिबाच्या अंगावरचे कापड. चिडलेल्या जपानने हिंदी कापसावर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली, जकात ५० टक्क्यांवर आली आणि जपानने किती कापूस घ्यावा यावर त्याने किती कापड पाठवावे हे ठरले. दरम्यान बोंडे वेचणाऱ्या मजुराला कोणी काही विचारले नव्हते.

बरे, संरक्षण मिळालेल्या गिरणीत कामगाराचे तरी भले झाले का? मजुरीतील कपातीविरुद्ध मुंबईचे कामगार एप्रिल १९३४ मध्ये संपावर गेले.

१९४७ साली जीनिव्हात २३ देशांनी गॅट करार केला. भारत त्यात होता. एका देशाला दिलेली सवलत सर्वांना द्यावी, हे त्याचे पहिले कलम. तरी साम्राज्यातील जुन्या सवलती त्यातून वगळल्या आणि चोविसाव्या कलमाने प्रादेशिक गटांनाही वाट ठेवली. समान वागणूक, पण देशादेशांत; देशाच्या आत काय चालते हा त्या कराराचा विषयच नव्हता.

आत काय चालत होते? मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरी साचेखात्यात मिळे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्याला तेथे मज्जाव. मज्जाव करणारे त्याच्याच शेजारी राबणारे सवर्ण कामगार होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मज्जाव उठविण्याची मागणी लावून धरली. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मागण्यांच्या यादीत घातली.