पाच जिनसांचे पेय

सणाला घरी आलेल्यांना प्यायला काय द्यावे, हा प्रश्न आपल्या आई-आजींना कधी पडला नाही. चैत्रात पन्हे, कोजागिरीला आटीव दूध, उन्हाळ्यात आल्यागेल्याला कोकमाचे नाही तर लिंबाचे सरबत, असे सारे ठरलेले असे. आता ३१ डिसेंबर जवळ आला, की आपल्या मुली-सुनांच्या तोंडी ‘कॉकटेल’ हा शब्द येतो. ग्लासाच्या काठाला मीठ लावायचे, वर लिंबाची चकती खोचायची, पुदिना घालायचा, अशी घरोघर तयारी चालते. काही जणी त्यात दारू घालतात, काही घालीत नाहीत. जुन्या जाणत्या बायका हे पाहून म्हणतात, “हे सगळे विलायतेहून आलेले थेर!”

माझे म्हणणे थोडे निराळे आहे. हे पेय विलायतेहून आले हे खरे, पण त्याआधी ते आपल्याच किनाऱ्यांवरून विलायतेला गेले होते. ती हकीकत मंडळातील भगिनींना वाचायला आवडेल असे वाटून हा लेख लिहीत आहे.

इंग्रजांच्या घरी नाताळाला आणि लग्नकार्यात मोठ्या वाडग्यात कालवून पळीने वाढायचे एक पेय असते. त्याचे नाव ‘पंच’. आजचे कॉकटेल हे पुष्कळसे या पंचाचे धाकटे भावंड आहे. पंच म्हणजे साऱ्या मंडळींसाठी एकत्र कालवलेले, कॉकटेल म्हणजे एकेका ग्लासात एकेकासाठी केलेले. ‘कॉकटेल’ म्हणजे काय याचा खुलासा अमेरिकेतील न्यूयॉर्क प्रांतात हडसन या गावच्या एका वर्तमानपत्रात १८०६ साली छापला गेला. दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण, असा तो खुलासा होता. पुढे १८६२ साली जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन माणसाने अशा पेयांच्या कृतींचे पुस्तक छापले. त्यातही पंचाचे कितीतरी प्रकार दिले आहेत. पंच मात्र या सगळ्याहून फार जुना.

ईस्ट इंडिया कंपनीची माणसे आपल्याकडे व्यापाराला आली, तेव्हा येताना ती वाइन आणि बिअर घेऊन येत. महिनोन् महिने जहाजावर आणि मग इथल्या उन्हात ती टिकेना. इथे मात्र माडाच्या ताडीपासून भट्टीवर काढलेली दारू होती. तिला ते ‘अरॅक’ म्हणत. गोव्याच्या अरॅकचे नाव तेव्हा दूरवर झाले होते. ही दारू नुसती घशाखाली उतरणे कठीण, म्हणून तिच्यात इथलेच लिंबू, इथलीच साखर, पाणी आणि मसाला पडू लागला. १६३२ साली कोरोमंडल किनाऱ्यावरून कंपनीच्या एका नोकराने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘पंच’ हा शब्द सापडतो. इंग्रजीतला या पेयाचा तो सर्वांत जुना उल्लेख म्हणून सांगतात.

त्यानंतर सहा वर्षांनी, १६३८ साली, मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी सुरतेस आला. तिथल्या इंग्रज वखारीच्या प्रमुखाकडे दर शुक्रवारी आणखी तीन व्यापारी जमत. आपापल्या बायका इंग्लंडात सोडून ते शुक्रवारी निघाले होते, म्हणून त्या वारी बायकांच्या आरोग्यासाठी प्यायचे असा त्यांचा नेम. तिथे जे पेय मिळे, त्याचे नाव मांडेल्स्लो ‘पालेपुंट्स’ असे लिहितो. दारू, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीच्या फळाचा रस आणि साखर अशा त्याच्या जिनसा. काही जण आपल्याला झेपेल त्याहून अधिक पीत, हेही तो नोंदवतो. हजारो कोस दूर असलेल्या बायकोच्या प्रकृतीसाठी नवऱ्याने दर शुक्रवारी बेताल व्हावे, आणि त्या बिचारीला त्याचा पत्ताही नसावा! एवढे वाचून मला हसू आले, आणि मग थोडे वाईटही वाटले.

‘पंच’ नावाचा अर्थ जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने सांगितला आहे. हा शिवाजी महाराजांच्या काळात आपल्या मुलखात हिंडला. १६७५ साली तो जुन्नरला मोगल अधिकाऱ्याच्या घरी औषधोपचारासाठी गेला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापले गेले. त्यात तो लिहितो की, या पेयात पाच जिनसा असतात, म्हणून हिंदुस्थानी भाषेतल्या ‘पाच’वरून हे नाव पडले. सर्व पंडितांना हे मान्य नाही. दारूच्या एका मोठ्या पिंपाला इंग्रजीत जवळजवळ असाच शब्द आहे, त्यावरून नाव आले असावे असे काही म्हणतात. पण पंचामृत, पंचपाळे, पंचखाद्य असे शब्द रोज तोंडी असलेल्या आपल्याला फ्रायरचे म्हणणे सहज पटते.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. १६९४ साली मुंबई सरकारने खाणावळवाल्यांसाठी एक हुकूम काढला. गिऱ्हाईक पंच प्यायला आले, तर त्याला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरॅक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागता येईल आणि आपला पंच त्याने आपणच कालवावा, अशी त्यात तजवीज होती. आजच्या मापाने सुमारे एक लिटर दारू, पाव किलोच्या आसपास साखर आणि साधारण पाव लिटर रस. म्हणजे एका वाटी रसाला जवळजवळ एकच वाटी साखर. आपल्या लिंबाच्या सरबताला एका वाटी रसास दोन-अडीच वाट्या साखर लागते. त्यावरून त्या पंचाची चव किती आंबट आणि जहाल असेल, याचा अंदाज आपण स्वयंपाकघरात उभ्या राहूनही करू शकतो.

दुसरा एक प्रकार तर आपल्या हातांना फारच ओळखीचा आहे. त्याला ‘मिल्क पंच’ म्हणत. अमेरिकेचा थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन याने १७६३ साली एका मित्राला त्याची कृती लिहून पाठवली. चव्वेचाळीस लिंबांच्या साली ब्रँडीत दिवसभर भिजत घालायच्या. मग त्या गाळून काढून ब्रँडीत पाणी, लिंबाचा रस, साखर आणि किसलेले जायफळ घालायचे. शेवटी कढत दूध ओतून ते दोन तास तसेच ठेवायचे आणि स्वच्छ उतरेपर्यंत फडक्यातून गाळायचे. म्हणजे काय, तर दूध नासवायचे आणि फडक्यात बांधून पाणी वेगळे करायचे! पनीर करताना आपण हेच करतो, फक्त आपण फडक्यातला गोळा ठेवतो आणि ते पाणी ठेवीत. दुधाच्या साक्यात रंग आणि तुरटपणा अडकून राहतो, म्हणून खाली उतरणारे पेय नितळ आणि जिभेला मऊ लागते. ते पुष्कळ दिवस टिकतही असे.

आता आपल्या घरच्या पेयांकडे वळू. ती या पंचाहून कितीतरी आधीची आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांत अन्नाप्रमाणेच पाण्याला आणि पानकांना स्वतंत्र जागा दिली आहे. पानक म्हणजे आंबट-गोड फळांचे पेय. आपल्या पन्ह्याचे नाते याच पानकाशी. ‘सरबत’ हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आला. गंमत अशी की, ‘सरबत’ आणि ‘शराब’ हे दोन्ही पिणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत. म्हणजे त्या सख्ख्या बहिणी. एक आपल्या घरात नांदली, दुसरीने कित्येकांची घरे मोडली. ‘अरॅक’ आणि आपण ओव्याचा काढतो तो ‘अर्क’ हेही एकच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम. भट्टीच्या भांड्यावर घामासारखे थेंब जमतात, त्यावरून तो पडला.

त्या दुसऱ्या बहिणीशी आपल्या बायकांचे भांडणही जुने आहे. १९३० सालच्या सत्याग्रहात गांधीजींनी दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याचे काम मुद्दाम स्त्रियांकडे सोपवले. दारूचे दुःख बाईला कळते, असे त्यांचे म्हणणे. एरवी उंबरठा न ओलांडलेल्या कितीतरी जणी तेव्हा दुकानांपुढे उभ्या राहिल्या. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पुढे तो पुष्कळ सैल झाला, तरी दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे कलम महाराष्ट्रात अजून आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीमुळे, आणि तीत स्त्रिया पुढे होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली झालेली बंदी मात्र २०२१ साली उठली. कायदा येतो आणि जातो. घरात काय चालते, ते घरातल्यांनाच ठरवावे लागते.

हे सारे मी केवळ माहितीसाठी लिहीत नाही. माझे थोरले दीर पूर्वी प्यायचे. त्या दिवसांत जाऊबाईंनी काय सोसले ते मी पाहिले आहे. पुढे त्यांनी दारू सोडली, त्याला आता बारा वर्षे झाली. परंतु सोडल्यानंतरही लग्नाकार्यात, वर्षअखेरीला त्यांची परीक्षाच असते. सगळ्यांच्या हातात रंगीत, सजवलेले ग्लास आणि यांच्यापुढे साधे पाणी नाही तर बाजारी बाटली. मग कोणीतरी म्हणणारच, “आज एक दिवस घ्या हो, काय होते?” जाऊबाईंचा चेहरा त्या वेळी पाहवत नाही. माणूस मोडतो तो पुष्कळदा चवीमुळे नव्हे, सगळ्यांत वेगळा पडल्यामुळे.

म्हणून आमच्या घरी मी सणाला पंचाचीच रीत ठेवली आहे. एकच मोठे पातेले, एकच पळी, सगळ्यांना सारखे ग्लास. पाच जिनसा मोजूनच घालते. आंबट, गोड, पाणी आणि मसाला या चार तर फ्रायरच्याच. पाचव्या जागी त्यांनी दारू घातली, मी ऋतूप्रमाणे काहीतरी सुगंधी घालते. चैत्रात उकडलेल्या कैरीचा एक वाटी गर, दोन वाट्या किसलेला गूळ, सहा वाट्या गार पाणी, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ आणि पाचवे केशर. डिसेंबरात कोकमाचे आगळ, साखर, कोमट पाणी, दालचिनी-लवंगेचा काढा आणि पाचवा आल्याचा रस. आगळात मीठ असते, म्हणून ते बेताने घालावे व वेगळे मीठ घालू नये. आल्याने घशाला जो चटका बसतो, त्यामुळे पिणाऱ्यांनाही काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. काठाला मीठ-तिखट लावते, वर चकतीही खोचते. मुलींची हौसही भागते, आणि कोणाच्या ग्लासात काय आहे हे विचारायचे कारण कोणाला राहत नाही.

मंडळासाठीही यातून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पंच इंग्रजांचा असो, त्याच्यातला एक गुण घेण्यासारखा आहे. वाडगा मध्ये ठेवलेला असतो आणि जो येईल त्याला त्यातले मिळते. आपले चैत्रातले पन्हे मात्र वर्षानुवर्षे सवाष्णींनाच दिले जाई. विधवा बाई असली, तर ती आत डाळ वाटायला आणि पन्हे गाळायला असे, बाहेर घ्यायला नसे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका खेड्याने जे केले, ते आपल्याला अवघड का जावे? येत्या चैत्रात आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला दारातून आत येईल त्या प्रत्येकीच्या हाती पहिल्यांदा पन्ह्याचा ग्लास द्यावा, नाव, गाव, कुंकू काही न पाहता. हळदीकुंकू तिने घ्यावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पन्ह्याला मात्र अट नसावी.

यासाठी लागणाऱ्या कैऱ्या आणि गूळ यांची जबाबदारी मी आणि जाऊबाई मिळून घेऊ. मोठे पातेले मंडळाचे आहेच. केशर ज्या भगिनीला द्यायचे असेल, तिने आधी कळवावे.